कोचच्या लॉनवरची पाटी

आमच्या शेजारच्या घरात फुटबॉलचा नवा कोच राहायला येणार, हे कळलं त्या दिवशी आमच्या ह्यांनी आनंदाच्या भरात दोनदा चहा केला. एरवी साखरेचा डबा कुठे आहे हे दर वेळी विचारणारा माणूस! दुसरा कप माझ्या हातात देत म्हणाले, "अगं, कोण येतंय शेजारी, तुला काही कल्पना आहे का?"

मला कल्पना होती. कोणीतरी बिचारं येत होतं.

आमचं गाव ओहायोतलं, कोलंबसपासून दीड तासावरचं. मक्याची शेतं, एक कॉलेज, आणि कॉलेजचं स्टेडियम. हे नागपूरहून एम.एस. करायला याच कॉलेजात आले, पुढे इथल्याच कारखान्यात नोकरी धरली आणि आता रिटायर होऊनही हललेले नाहीत. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन थेट इथे येऊन पडले. आमचा मुलगा शिकला, न्यू जर्सीला पार्सिपनीत नोकरीला लागला. राहिलो आम्ही दोघं आणि ती टीम.

इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळतात तो नव्हे. अंड्यासारखा चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं. इतकी वर्षं शनिवारी थंडीत कुडकुडत त्या बाकांवर बसतेय, पण मला अजून एवढंच कळतं. ह्यांना मात्र सगळं कळतं. आणि टीम हरते. एखाददुसरं वर्ष नव्हे, वर्षानुवर्षं हरते. हे तरी तिकिटं घेतात. कोलंबसजवळच्या डब्लिनला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की पुण्याची ती आयटीतली तरुण पोरं ह्यांना हमखास छेडतात. "काका, या वीकेंडला किती मार खाल्ला?" त्यांचं काय जातंय! त्यांच्या कोलंबसची टीम सगळ्या देशात गाजलेली. हे हसण्यावारी नेतात, पण परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलत नाहीत.

म्हणून तो कोच. आधी कुठल्यातरी छोट्या कॉलेजात त्याने बुडालेली टीम वर काढली होती म्हणे. झालं, गावाने त्याला येण्याआधीच डोक्यावर घेतलं. ग्रोसरीच्या लाइनीत तोच विषय, लायब्ररीत तोच विषय. माझ्या डेंटिस्टने माझ्या तोंडात दोन बोटं आणि तो आरसा घालून मला विचारलं, "तुमच्याच शेजारी आलाय ना? मग, यंदा जिंकणार ना आपण?" मी काय बोलणार, डोंबल! नुसती मान हलवली.

ते लोक आले तेव्हा मी बेसनाचे लाडू घेऊन गेले. खोक्यांच्या ढिगाऱ्यात कोचची बायको बसली होती. माझ्याहून बरीच लहान, केस वर बांधलेले, चेहऱ्यावर दमणूक. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, ते मी माझ्या मराठीत सांगते. लाडू खात ती म्हणाली, "निम्मी खोकी मी उघडणारच नाहीये. उघडली की निघायची वेळ येते." आणि हसली. मला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

त्यांना एकच मुलगी, अकरावीत. हडकुळी, उंच, क्लॅरिनेट वाजवणारी. ही तिची चौथी शाळा. बाप हरला की घर उचलायचं, बाप जिंकला तरी मोठ्या नोकरीसाठी घर उचलायचं. "या वेळी मी तिला शब्द दिलाय," तिची आई म्हणाली. "बारावी संपेपर्यंत हे घर सोडायचं नाही. तिला एकदा तरी ओळखीच्या मुलांबरोबर ग्रॅज्युएट होऊ दे." मी म्हटलं, होईल ग, काळजी करू नकोस. बोलायला आपल्याला काय लागतं! पण घरी येताना माझ्या लक्षात आलं. त्या आईचा शब्द खरा व्हायचा तर ही टीम जिंकायला हवी होती. आणि ही टीम मला माहीत होती.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग जिंकतील. जिंकायलाच हवं."

आता आमच्या ह्यांची एक गंमत सांगते. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी, चमचे मांडून हे रोज मला दाखवायचे, कोचने काय करायला हवं होतं ते. "हा बघ, लिंबाचं लोणचं म्हणजे आपला क्वार्टरबॅक. चेंडू फेकणार तो. याला इथे एकटा सोडला, मग मार खाणार नाही तर काय?" मी म्हणायची, "अहो, तो माणूस पलीकडे पानं गोळा करतोय. जा की, त्याला सांगा." की लगेच, "छे छे! असं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?" बाहेर जायचे, ड्राइव्हवेवर तो समोर आला की मान लववून गुड मॉर्निंग, बाकी हवापाणी. आणि घरात आले की पुन्हा लोणच्याची बरणी पुढे. आपल्या लोकांचं असंच. तोंडावर काय ती भीड, आणि पाठ फिरली की काय तो पट्टा!

स्टेडियममध्ये मात्र ह्यांना भीड नाही. तिथे हजारो माणसांच्या आवाजात ह्यांचा आवाज मिसळतो ना. घरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणारा माणूस तिथे घसा फोडून ओरडतो.

पहिलं वर्ष वाईट गेलं, पण लोकांनी चालवून घेतलं. पहिलंच वर्ष आहे, टीम बांधायला वेळ लागतो, असं सगळे समजूतदारपणे बोलायचे. मग हिवाळ्यात आमचा क्वार्टरबॅक, ते लिंबाचं लोणचं, दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. हल्ली पोरं अशीच वर्षावर्षाला कॉलेज बदलतात म्हणे. त्याचं खापरही कोचच्याच डोक्यावर. दुसरा सीझन सुरू होईपर्यंत लोकांचा समजूतदारपणा संपला होता. ग्रोसरीत तेच लोक, तोच विषय, पण सूर वेगळा. डेंटिस्ट म्हणाला, "तुमच्या शेजाऱ्याला सांगा जरा." मी म्हटलं, तुम्ही माझी दाढ बघा.

मुलगी बारावीत गेली. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्यांची लीडर झाली. एव्हाना ती आमच्याकडे यायला लागली होती. तिची आई महिन्यातून एकदा अलाबामाला जायची. आईचे वडील तिथे एकटेच, आजारी होते. मग बाप प्रॅक्टिसला, आई अलाबामात, पोरगी शाळेतून थेट आमच्या स्वयंपाकघरात. मला काकू म्हणायची, ह्यांना काका. थालीपीठावर लोणी घालून दिलं की खाली मान घालून खात सुटायची. फुटबॉलबद्दल चकार शब्द काढायची नाही. हेही तिच्यासमोर लोणच्याची बरणी बरणीसारखीच वापरायचे.

संध्याकाळी त्यांच्या गराजमधून क्लॅरिनेट ऐकू यायचं. टीम हरली की दोनतीन दिवस यायचं नाही. मग मला चैनच पडायचं नाही. भांडी घासताना खिडकी उघडी ठेवायची, थंडी आत आली तरी, आणि ऐकत राहायची. हे म्हणायचे, हीटर चालू आहे, खिडकी लाव. मी लावायची नाही.

आणि मग ऑक्टोबरातला तो रविवार. आदल्या दिवशी आमच्याच मैदानावर टीम सडकून हरली होती. सकाळी मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर गेले, तर कोचच्या लॉनवर पाटी. लोखंडी पायांवर रोवलेली, लाल अक्षरांतली. घर विकणे आहे.

आत्ता? ऑक्टोबरात? पोरीची शाळा अर्धीसुद्धा झाली नाही आणि हे निघाले? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही? राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. हे झोपले होते. त्यांना उठवत बसले नाही. आमच्याकडे घरातली बाई दूर निघाली की तिला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, ओटी भरतात. पदरात तांदूळ, नारळ, खण, सुपारी घालायची. मंगल राहो, आणि पुन्हा ये, असा त्याचा अर्थ. ती अमेरिकन आहे, तिला पदर नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कोलंबसच्या इंडियन ग्रोसरीतून आणलेला नारळ होता, आईने दिलेला एक खण कपाटात होता. ताट सजवलं, हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि गेले.

तिने दार उघडलं. पायजमा, हातात कॉफीचा मग. माझे डोळे भरलेले.

"तुम्ही निघालात, आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

"कुठे निघालोय?" ती म्हणाली.

मी मागे हात केला. तिने माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं. त्या क्षणी मला कळलं की आपण काय करून बसलो. तिला माहीतच नव्हतं. पाटी तिने लावली नव्हतीच. रात्रीत कोणीतरी येऊन लावून गेलं होतं आणि तिला ते सांगायला गावातून पहिली कोण आली, तर मी, नारळ घेऊन! जमीन दुभंगावी आणि आत घ्यावं असं झालं मला.

ती अनवाणी लॉनवर गेली. दव पडलेलं होतं. दोन्ही हातांनी तिने ती पाटी उपटली. मागे जिन्यावर मुलगी येऊन उभी राहिलेली मला दिसली. ती ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॉम, अगेन?"

"नाही. नाही म्हणजे नाही," तिची आई म्हणाली. "ही खोटी आहे."

पाटी गराजमध्ये टाकून ती परत आली, पाय पुसले, आणि मग माझ्या ताटाकडे बघत विचारलं, हे काय आहे. मी अडखळत सांगितलं. दूर जाणाऱ्या बाईला देतात. परत यावी म्हणून. ती म्हणाली, "मग हे परत घेऊन जा. मी कुठेही जात नाहीये."

"भरायला आणलेली ओटी परत नेत नाहीत," मी म्हटलं. काय करणार, तेच तोंडातून निघालं. तिने तो नारळ उचलला आणि सिंकवरच्या खिडकीत ठेवला. तिथे तो आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचा.

घरी आले तर हे चहाची वाट बघत बसलेले. मी सगळं सांगितलं. तर हे गालातल्या गालात हसायला लागले. "अगं वेडे, ती चेष्टा असते. टीम हरली की लोक कोचच्या लॉनवर पाटी लावतात. इकडे सगळीकडे करतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांच्या फॅनमंडळींच्या ग्रुपवर सकाळीच फोटो आला होता. हे झोपले होते असं मला वाटलं, ते पडल्या पडल्या फोन बघत होते. आणि फोटोला हसरा चेहरा टाकून मोकळे झाले होते.

माझं टाळकंच फिरलं. "चेष्टा? कुणाच्या दारात जाऊन, चालते व्हा, असं लिहून यायचं, याला चेष्टा म्हणतात तुमच्यात? उद्या पार्सिपनीला आपल्या पोराच्या दारात कुणी लावली तर हसाल? ती पोर इथे बसून तुमच्या ताटाला ताट लावून जेवते, लाज नाही वाटत?" बरंच बोलले मी. सगळं इथे सांगत नाही. तरी हे उठताना पुटपुटलेच, "पण हरतोय ना तो."

आणि पुढच्या शनिवारी टीम जिंकली! गाव वेडं झालं. हे घरी आले ते थेट माझ्यासमोर. "कळलं का तुला? ओटी! तू ओटी भरलीस आणि जिंकलो!" आता दर शनिवारी सकाळी मी जाऊन तिची ओटी भरावी, असा ह्यांचा आग्रह. इंजिनिअर माणूस! क्रिकेटची मॅच चालू असताना कुणाला जागचं हलू न देणारी ही मंडळी, इथे येऊन काय बदलणार? मी म्हटलं, "ओटी म्हणजे काय टॉस आहे का तुमचा?" साफ नाही म्हणून सांगितलं.

पण खोटं कशाला बोलू? तो विजय मलाही चढला होता. तीन दिवस लागोपाठ क्लॅरिनेट ऐकू आलं. पुढे एक हरले, एक जिंकले, पुन्हा हरले. शेवटची मॅच राहिली. ती जिंकली तर कोचला आणखी एक वर्ष मिळेल, हरली तर गेला, असं सगळं गाव बोलत होतं. त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. आमटी दोनदा करपली. फोनवर मुलगा म्हणाला, "आई, इट्स जस्ट फुटबॉल." मी म्हटलं, तुला एकाच शाळेत पहिली ते बारावी मिळाली, तू नको बोलूस.

मॅचच्या दिवशी सकाळी, हे अंघोळीला गेल्यावर, मी देवघरातला चांदीचा गणपती वाटीत पाण्यात ठेवला. काही फार अडलं की देव पाण्यात घालून बसायचं, काम होईपर्यंत बाहेर काढायचा नाही, हे मी लहानपणी पाहिलेलं. माझ्या आईने ते भावाच्या आजारपणात केलं होतं. आणि मी काय, तर फुटबॉलसाठी! हसू यायला हवं होतं. पण मी हात जोडले.

मॅच हरायला वेळ लागला, तेच जास्त वाईट. शेवटपर्यंत आशा होती. मग नव्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू समोरच्यांच्या हातात गेला, आणि स्टेडियमच्या एका कोपऱ्यातून आरोळी उठली. कोचला काढा. आधी थोडे लोक, मग सगळीकडून, ठेक्यात, टाळ्यांच्या तालावर. आमच्या खाली काही ओळी सोडून कोचची बायको आणि मुलगी बसल्या होत्या. दोघी ताठ, समोर बघत. माझ्या कानाशी एक आवाज सगळ्यात मोठा येत होता. मी वळून बघितलं तर हे. उभे राहून, तोंडाशी हात धरून, सगळ्यांबरोबर.

मी ह्यांची बाही ओढली. "खाली बसा! ती पोर खाली बसलीय!"

"तिला कुठे ऐकू जातंय एवढ्या गोंगाटात," हे म्हणाले. पण तेवढ्यात मुलीने मागे वळून बघितलं. आमच्याकडेच, की नुसतं गर्दीकडे, कुणास ठाऊक. हे मटकन खाली बसले. तिने आम्हाला पाहिलं का, ते मला आजही माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. कोचला काढलं. ह्यांच्या फोनवर टिंग टिंग सुरू झालं, लोक अभिनंदन करावं तसं एकमेकांना कळवत होते. मी गणपती पाण्यातून काढला, पुसला, जागेवर ठेवला. आता त्याला ओला ठेवून काय करायचं होतं?

सोमवारी सकाळी दारात ती उभी. हातात नारळ. "आता वाजत नाही हा," ती म्हणाली आणि कानाशी हलवून दाखवला. आतलं पाणी आटलं होतं. मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला आयडाहोत असिस्टंट कोचची नोकरी मिळेल असं दिसतंय, ख्रिसमसनंतर लगेच रुजू व्हायचं. मुलीसाठी ती इथेच थांबणार होती. पण अलाबामातून डॉक्टरांचा फोन आलाय, वडिलांना आता एकटं ठेवता येणार नाही. घर विकावं लागणार. ती बोलत होती आणि नारळ या हातातून त्या हातात करत होती. "मी तिला शब्द दिला होता," ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "आमच्या मुलाची खोली रिकामीच आहे."

हे! दारात कोण आलं की खोलीत जाऊन बसणारे हे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. चेहरा पांढराफटक. "शाळा संपेपर्यंत राहू दे तिला. आम्हाला काही अडचण नाही," म्हणाले, आणि लगेच आत निघून गेले. ती रडायला लागली, मग मीही. आमच्याकडे लग्नात मुलीची आई म्हणते, माझी लेक तुमच्या ओटीत घातली. तिला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला मात्र ते आठवलं. दुसऱ्याचं लेकरू सांभाळायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

लॉनवर पुन्हा पाटी लागली. या वेळी खरी होती, तिच्यावर एजंटबाईचा हसरा फोटो होता.

निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली, रीतसर. नवा नारळ आणला होता. तिने स्वेटरचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला, मी सांगितलं तसा, आणि मी त्यात एकेक वस्तू घातली. "जाते म्हणायचं नाही," मी सांगितलं. "येते म्हणायचं." ती म्हणाली, "येते." मराठीत म्हणाली. उच्चार वाकडातिकडा होता, पण म्हणाली. बाहेर आल्यावर तिने लेकीला मिठी मारली ती सोडेचना.

कोच मुलीची बॅग आणि क्लॅरिनेटची पेटी आमच्या दारात ठेवून गेला आणि मग परत आला. हे व्हरांड्यात उभे होते. दोन वर्षांत ह्या दोन माणसांनी एकमेकांना गुड मॉर्निंगच्या पुढे काही म्हटलं नव्हतं. त्याने ह्यांचा हात हातात घेतला.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," कोच म्हणाला. "दोन वर्षांत या गावात मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला सांगितलं की मी काय करायला हवं होतं. गॅस भरताना सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं. तुम्ही कधी नाही सांगितलंत. एकदाही नाही. फक्त तुम्ही. मी घरी बोलायचो, शेजारचा माणूस सज्जन आहे म्हणून."

हे काय बोलणार? लोणच्याची बरणी, मिठाची बाटली, तो हसरा चेहरा, ती आरोळी, सगळं ह्यांना आठवलं असणार. ह्यांनी मान खाली घातली. कोचला वाटलं, गहिवरले. त्याने ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी हे कोटाशिवाय थंडीत उभेच. मी आत या म्हटलं तर म्हणाले, "त्याला सांगायला हवं होतं ग मी." काय सांगायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

मुलगी मुलाच्या खोलीत राहायला लागली. पहिले काही दिवस फार जड गेले. ती नीट जेवली नाही की मी काळजीत, उशिरा आली की हे खिडकीत. रोज आईशी फोन, कधी बापाशी. क्लॅरिनेटची पेटी पलंगाखाली तशीच. मग एका दुपारी वरून सूर ऐकू आले, आधी चाचपडत, मग सलग. हे पेपर वाचत होते. पेपर मांडीवर ठेवून ऐकत बसले.

कॉलेजला नवा कोच नेमायला जानेवारी उजाडला. आम्ही तिघं रात्रीचं जेवत होतो. ह्यांचा फोन टिंग टिंग करायला लागला, थांबेचना. मला वाटलं, हे फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जातील. पण त्या दिवशी उठले नाहीत. नुसता एकदा बघितला आणि ताटाशेजारी ठेवला. पोरीच्या ते लक्षात आलं. तिला आमच्याआधी कळलं असणार, शाळेत सगळी मुलं तेच बोलत असणार.

"नवा कोच?" तिने विचारलं.

"हो," हे म्हणाले. मग उगाचच सारवासारव केल्यासारखं म्हणाले, "चांगला आहे म्हणतात. लोकांना फार आशा आहे."

तिने थालीपीठाचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला.

"काका, त्याला मुलं आहेत का?"

ह्यांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. बराच वेळ बोट वरखाली करत होते. तो कुठे कुठे जिंकला ते होतं, आमच्याकडे येऊन काय करणार ते होतं, ग्रुपवर लोकांनी यंदाचा निकाल आत्ताच लावून टाकला होता. मुलांचं कोणीच काही लिहिलं नव्हतं. ती वाट बघत होती. तिने मान खाली घातली नव्हती, थेट ह्यांच्याकडे बघत होती.

"इथे लिहिलेलं नाही," हे शेवटी म्हणाले. फोन बंद करून त्यांनी बाजूला सरकवला. "तो आला की मी जाऊन विचारतो. कितवीत आहेत, तेही विचारतो."